फेसाचे शंभर

तपासनीस दारात आला तेव्हा मापाड्याची बायको गोठ्यात शेण भरत होती. बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, कपाळावर घाम, आणि घाम पुसायला एकही स्वच्छ बोट शिल्लक नाही, अशा अवस्थेत तिला दारात एक पांढरा शर्ट दिसला. शर्टाच्या काखेत फाइल होती आणि बुटांवर अख्ख्या रस्त्याची धूळ.

"सत्तेचाळीस नंबर इथंच ना?"

"सासूबाईंचा होता तो नंबर. माझा एकसष्ट. आपण कोण?"

"दूध संघाचा तपासनीस. जरा गाय बघायची होती."

"कुठली?"

"रोज बारा लिटर देते ती."

माणूस घर चुकला असं तिला वाटलं. तिच्या दावणीला दोनच गायी होत्या. एक महिनाभरापासून भाकड, दुसरी दोन्ही वेळचं मिळून कसंबसं सात लिटर देणारी. तपासनीस दोघींच्या मागून-पुढून फिरला, वाकून कास बघितली. भाकड गाईनं शेपटी मारून त्याचा शर्ट रंगवला, तरी त्याचं बघणं थांबलं नाही.

"ही देते बारा?"

"हिच्या अंगावरच्या माश्या मोजल्यात तर भरतील बारा."

तो हसला नाही. "सासूबाईंना जरा बोलवता का?"

"त्यांना कुठून बोलवू? दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

तपासनिसानं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग न विचारताच कोपऱ्यातल्या पालथ्या बादलीवर बसला.

"बाई, तुमच्या सासूबाई अजून डेअरीला दूध घालतात. सकाळी सहा लिटर, संध्याकाळी सहा. काल संध्याकाळीसुद्धा घातलंय."

तिच्या हातातलं शेण सुटून पायावर पडलं.

त्यानं फाइल उघडून दाखवली. यंदाचा उन्हाळा असा होता की विहिरींचे तळ उघडे पडले होते, हिरवा चारा बघायला मिळत नव्हता आणि जनावरांच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. डेअरीच्या साठही सभासदांचं दूध निम्म्यावर आलं होतं. कुणाचं दहाचं पाच झालं, कुणाचं चारचं दोन. फक्त सत्तेचाळीस नंबर पावसाळ्यात सहा आणि उन्हाळ्यातही सहा. ही उन्हाला न भिणारी गाय बघायलाच तपासनीस एवढ्या लांब आला होता.

"आणि पैसे?" तिनं विचारलं.

"दर दहा दिवसांनी बिल निघालंय. पुढे लिहिलंय, 'मुलाच्या हाती दिले'. पानाखाली तुमच्या मालकांची सही आहे. प्रत्येक पानाखाली."

तिनं वाकून सही बघितली. नवऱ्याचीच होती.

तिचा नवरा डेअरीत मापाड्या होता. किटली काट्यावर ठेवायची, आकडा मोठ्यानं पुकारायचा, दूध टाकीत ओतायचं, एवढं त्याचं काम. पुकारलेला आकडा पलीकडच्या टेबलावर सेक्रेटरी लिहून घ्यायचा. हिशेब, बिलं, कपाटाच्या किल्ल्या, सगळं सेक्रेटरीकडे. अकरा वर्षांत त्या माणसानं रजा म्हणून घेतली नव्हती. मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा सकाळचं दूध लिहून मग मांडवात गेला, ही गोष्ट लोक आपल्या आळशी पोरांना सुनावत असत. फक्त मागच्या हिवाळ्यात मुतखड्यानं तो चार दिवस दवाखान्यात आडवा झाला, तेही दोघांनी उचलून नेला म्हणून.

आणि मापाड्या सही करायला शिकला तोच मुळी या सेक्रेटरीकडून. आधी तो अंगठा उठवायचा. सही जमायला लागल्यावर त्याला तिचं कोण अप्रूप! सेक्रेटरीनं पान पुढं सरकवलं की हा वाचायच्या फंदात पडायचा नाही. नुसती ठसठशीत सही ठोकायचा आणि ती वाळेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा.

दुपारी तो घरी आला तेव्हा तोंडचं पाणी पळालेलं होतं. चपला न काढताच आत आला, कधी नव्हे ते. तिनं पाणी दिलं, ते त्यानं तसंच हातात धरलं.

"तुम्ही घेतलेत का?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात असं त्यानं एकदाच बघितलं होतं, आई गेली त्या दिवशी. तिला आपली जीभ चावावीशी वाटली, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग झालं. आता सांगा, काय म्हणाला तो तपासनीस?"

"परवा दुपारपर्यंत लेखी द्यायचंय. नाहीतर पोलिसात देणार." तो खाली बसला. "सेक्रेटरी म्हणतात, तू नुसतं कबूल कर. चूक झाली म्हण. एक गाय विकू, संघाचे थोडे पैसे भरू, बाकीचे हळूहळू फेडू. नोकरी मी वाचवतो, म्हणाले."

"न केलेलं कबूल करायचं?"

"सह्या माझ्या आहेत ना गं! नंबर आईचा. मी काय सांगणार?"

"तो नंबर बंद करा म्हणून मी तेव्हाच कार्ड परत द्यायला गेले होते."

"आठवतंय मला."

दोघांनाही आठवत होतं. सासूबाई गेल्या त्याच महिन्यात ती कार्ड घेऊन डेअरीत गेली होती. सेक्रेटरीनं कार्ड हातात घेतलं, डोळे ओले केले आणि ते परत देत म्हणाला, "राहू दे वहिनी. डेअरी सुरू झाली तेव्हाच्या सभासद त्या. फळ्यावर नाव राहू दे, तेवढीच आठवण." डेअरीच्या भिंतीवर सभासदांच्या नावांचा मोठा काळा फळा होता. त्यावर मापाड्याच्या आईचं नाव तसंच राहिलं. रोज सकाळी काटा पुसताना तो त्या नावाकडे एकदा बघायचा. या उपकारापायी त्यांनी सेक्रेटरीच्या घरी दोनदा तुपाचा डबा पोचवला होता. तो आठवला तशी ती चुलीजवळच्या रिकाम्या बरणीकडे बघून दातओठ खायला लागली.

"गाय विकायची नाही," ती म्हणाली. "आणि मला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. सहीचा भारी शौक ना तुम्हाला? तो दोन दिवस आवरा."

संध्याकाळी तिनं धार काढली आणि किटली घेऊन डेअरीत गेली. एरवी ती खिडकीतून किटली आत द्यायची, पुकारलेला आकडा ऐकायची, स्लिप घ्यायची आणि घरी यायची. काट्याचं तोंड आतल्या बाजूला होतं. बाहेरच्यांना फक्त मापाड्याचा आवाज, काट्याचा आकडा कुणालाच दिसायचा नाही. आज तिनं किटली रांगेतल्या एका म्हाताऱ्याजवळ ठेवली आणि मागच्या दारानं आत शिरली.

"वहिनी, इकडं कुठं?" सेक्रेटरीनं मान वर केली.

"तहान लागलीय. माठ इकडंच ना?"

पाण्याला नाही म्हणता येईना. ती माठाजवळ उभी राहून भांडं हळूहळू संपवत राहिली. तिथून काट्यावरचे लाल आकडे स्पष्ट दिसत होते.

पहिली किटली आली. काट्यावर दोन लिटर आठशे. मापाड्या ओरडला, "दोन सातशे!"

तिला वाटलं, आपल्या बघण्यात चूक झाली. दुसरी किटली, चार एकशे. "चार!" तिसरी तिची स्वतःची होती. तीन चारशे. तिच्या नवऱ्यानं, ज्याच्या पोटात तिच्या हातचं जेवण जात होतं त्यानं, खणखणीत आवाजात पुकारलं, "तीन तीनशे!"

मग तो म्हातारा आला. त्याला सगळे पावशेर म्हणत, कारण त्याची किटली तळापासून वर कधी आलीच नव्हती. एक शेळीएवढी गाय आणि तो, असं दोघांचं घर. काट्यावर सहाशे मिली. "पाचशे!" मापाड्या ओरडला आणि पावशेरानं बाहेर मान हलवून स्लिप घेतली.

तिनं भांडं खाली ठेवलं. मोजायला लागली. पाण्याच्या नावाखाली आणखी किती वेळ उभं राहणार, म्हणून फडकं घेऊन माठाची फळी पुसायला घेतली. फळी इतकी पुसली की तिचा मूळ रंग दिसायला लागला. शेवटच्या किटलीला तिनं बोटं मिटली. साठ.

घरी परतताना ती वाटेतच थांबली. ऊन उतरलं होतं, रस्ता अजून तापलेला होता.

"माझ्या किटलीतले शंभर कुठं गेले?"

"कुठले शंभर?"

"काट्यावर तीन चारशे होतं. तुम्ही तीन तीनशे म्हणालात."

"अगं, फेसाचे. फेसाचे शंभर कापतात. सगळ्यांचेच कापतात. आपलं-परकं करत नाही मी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. लिटरच्या मापानं मोजायचो तेव्हा मापात वर फेस यायचा आणि दूध खाली राहायचं. म्हणून किटलीमागे शंभर कापायचे, असं सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं. आईसुद्धा होती त्या बैठकीत."

"आता माप कुठंय? आता काटा आहे. काटा वजन करतो. फेसानं वजन थोडंच वाढतं? मग कापायचा कशाला?"

मापाड्यानं मनात वर्षं मोजली. काटा येऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं तो दिवसातून दोनदा, साठ-साठ किटल्यांमागे, शंभर वजा करून पुकारत होता. नवा काटा आला म्हणून जुनं बंद करा, असं त्याला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं त्याला सुचलं नाही. इतकी सवय जडली होती की त्याच्या डोळ्यांना दिसणारा आकडा आणि तोंडातून निघणारा आकडा वेगळे आहेत, हेसुद्धा त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"साठ किटल्या," ती म्हणाली. "साठ वेळा शंभर. किती झाले?"

त्यानं ओठ हलवले. "सहा लिटर."

"एका वेळचे."

"सहा सकाळी." तो हळूहळू बोलत होता. "सहा संध्याकाळी."

"दूध आटलं, पण किटल्या कमी नाही झाल्या. कुणी सहा लिटर आणू दे नाहीतर सहाशे मिली, शंभर कापलेच. म्हणून तुमच्या आईची गाय आटत नाही!"

तो मटकन रस्त्याकडेच्या दगडावर बसला. मग एकदम उभा राहिला. "अगं, ते चार दिवस! सेक्रेटरी दवाखान्यात होते ते!"

तिलाही आठवलं. हिवाळ्यात चार दिवस याच्याकडेच वही होती. पुकारायचंही यानंच, लिहायचंही यानंच. दर वेळी टाकीत वहीपेक्षा सहा लिटर जास्त भरत होतं आणि हा घरी येऊन चटईवर बोटानं बेरजा करत बसायचा. कुणाचं तरी दूध लिहायचं राहिलं म्हणून जेवणही जात नव्हतं त्याला. सेक्रेटरी परत आल्यावर यानंच स्वतःचे कान धरून सांगितलं होतं, माझी बेरीज चुकली.

"तुम्ही वहीत काय लिहिलं होतं?"

"खरं ते लिहिलं. 'सहा लिटर जास्त, कारण समजलं नाही.' खाली सही."

"चला."

"कुठं? घरी गाय हंबरतेय."

"हंबरू दे तिला. तिच्यासाठीच चाललोय."

तपासनिसाची सोय पेंडीच्या गोदामावरच्या खोलीत केली होती. जुन्या वह्या त्यानं आल्या आल्याच ताब्यात घेऊन स्वतःच्या पलंगाखाली ठेवल्या होत्या. हे दोघं धापा टाकत वर पोचले तेव्हा तो सकाळचा शर्ट बादलीत घालून शेणाचा डाग चोळत होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नवरा मध्ये मध्ये "फेसाचे, साहेब, फेसाचे" एवढंच म्हणत होता.

तपासनिसानं हात पुसले, हिवाळ्याची वही काढली. पानांवर छापील नंबर होते, त्यामुळे पान फाडून टाकता येण्यासारखं नव्हतं. चार दिवसांची आठ पानं मापाड्याच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात होती. आठही पानांवर सत्तेचाळीस नंबरची ओळ कोरी. आणि आठही पानांच्या तळाशी, 'सहा लिटर जास्त, कारण समजलं नाही'. त्यावर कुणीतरी लाल पेनानं आडवी रेघ मारून लिहिलं होतं, 'बेरीज चुकली'. पाचव्या दिवशी सेक्रेटरी परत आला आणि सासूबाईंच्या गाईला पुन्हा पान्हा फुटला होता.

तपासनिसानं आठही पानं पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाला, "चोर असं लिहून ठेवत नाही."

एवढं ऐकलं आणि मापाड्याला रडू फुटलं. मोठ्यानं नाही, नाकानं फुरफुर करत, खांदे हलवत. त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचा जीव भांड्यात पडला. ती तपासनिसाच्या पलंगावर बसली, विचारलंही नाही. सकाळी तो तिच्या बादलीवर असाच बसला होता, तेव्हा फिटंफाट झाली.

"माझंच चुकलं," तपासनीस स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "अकरा वर्षं रजा नाही, सगळ्या किल्ल्या एकाकडे. मी गाईकडे जायच्या आधी त्या माणसाकडे जायला हवं होतं. लोक म्हणाले फार प्रामाणिक आहे, म्हणून गेलो नाही." मग मापाड्याकडे वळून, "आणि तुम्ही. यापुढं न वाचता सही केलीत तर मीच येऊन बोटं मोडीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी आला तेव्हा काट्याचं तोंड खिडकीकडे, बाहेरच्या बाजूला फिरवलेलं होतं. काट्याशेजारी तपासनीस उभा, बाकावर चेअरमन बसलेले, बाहेर साठ माणसांची रांग आणि प्रत्येकाची मान त्या लाल आकड्यांकडे वळलेली. सेक्रेटरीनं काट्याकडे बघितलं, मग मापाड्याकडे. त्यानं किल्ल्या खिशातून काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीत न बसता कोपऱ्यातल्या पोत्यावर बसला. कुणी काही विचारलंही नव्हतं अजून.

"पहिल्यांदा एक कॅन नासला होता," तो म्हणाला. "माझ्याच हातून झाकण उघडं राहिलं. संघानं माझ्या पगारातून कापलं असतं. तेव्हा फेसाचं दूध दिसलं. ते कुणाच्याच नावावर नव्हतं. म्हटलं, एवढी भरपाई झाली की बंद करू." तो गुडघ्यांकडे बघत होता. "फेसाचं काय, कुणाचंच नव्हतं ते."

खिडकीतून पावशेराचा आवाज आला. "कुणाचंच कसं? माझं होतं की."

सेक्रेटरीनं मान वर केलीच नाही. मापाड्याला त्याचा राग यायला हवा होता, तो आलाही. पण ज्या हातानं आपल्याला सही शिकवली तो हात पोत्यावरचे दाणे उगाच चिवडताना बघून त्यानं तोंड फिरवलं. "माझ्या आईचं नाव कशाला वापरलंत हो?" एवढंच तो म्हणाला.

पुढचं काम संघाचं होतं, ते संघानं केलं. सेक्रेटरीचं घर गहाण पडलं आणि सभासदांचे पैसे त्यांच्या बिलात थोडे थोडे जमा व्हायला लागले. चेअरमननी भिंतीवर नवे नियम लावले. पुकारणारा एक, लिहिणारा दुसरा, बिल देणारा तिसरा. काट्याचं तोंड कायम बाहेर. गेलेल्या सभासदाचं कार्ड महिन्याच्या आत परत. आणि प्रत्येक नोकरानं वर्षातून आठ दिवस सक्तीची रजा घ्यायची, त्या आठ दिवसांत त्याचं काम दुसऱ्यानं बघायचं.

पहिली रजा मापाड्याच्या वाट्याला आली.

"म्हणजे अजून संशय आहेच," तो घरी येऊन म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं.

"संशय नाही हो, नियम आहे. उद्या कुणी काही म्हणालं तर हीच रजा तुमच्या बाजूनं बोलेल. तुम्ही नसताना सगळं जिथल्या तिथं राहिलं, असं म्हणतील."

पहिले दोन दिवस त्यानं तिला नको नको केलं. चार वाजता उठून घरात येरझाऱ्या घालायचा. गाईची धार काढायला बसला तर गाईनं लाथ मारली. भांडं, बादली, तांब्या, जे दिसेल ते हातात घेऊन अंदाजानं वजन सांगायचा. तिसऱ्या दिवशी मात्र जेवून आडवा झाला तो दिवेलागणीलाच उठला. इतक्या वर्षांत तो दुपारचा कधी झोपला नव्हता. ती दारात बसून चारा तोडत होती आणि आतून येणारं घोरणं ऐकत होती. गाय दावणीला होती, नवरा घरात होता, दारात कुणी पांढऱ्या शर्टवाला नव्हता. तिला हायसं वाटलं, आणि मुद्दाम आवाज न करता ती चारा तोडत राहिली.

नवव्या दिवशी ती त्याच्याबरोबर पहाटेच डेअरीत गेली. सासूबाईंचं कार्ड तिनं नव्या सेक्रेटरीच्या हाती दिलं आणि पोच लिहून घेतली. मापाड्यानं ओलं फडकं घेतलं आणि फळ्यापुढं उभा राहिला. साठ नावं होती तिथं आणि एक ते. त्यानं आधी काटा पुसला, मग टाकीचं झाकण पुसलं, मग पुन्हा फळ्यापुढं आला.

"पुसा," ती हळूच म्हणाली. "फार राबल्या त्या. आता बसू द्या त्यांना."

त्यानं एका हातानं पुसलं, उजवीकडून डावीकडे, सावकाश. खडू जुना होता, दोनदा पुसावं लागलं. मग तो खिडकीत जाऊन उभा राहिला.

पहिली किटली पावशेराची होती. काट्यावर सहाशे लागले. मापाड्यानं घसा साफ केला.

"पाच..." सवयीनं जीभ तिकडेच गेली. तो थांबला. बाहेर सगळी रांग थांबली. त्यानं आकड्याकडे नीट बघितलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात पुकारलं, "सहाशे!"

पावशेरानं स्लिप डोळ्यांजवळ धरली. "आणि फेस?"

"तो पण तुमचाच, बाबा," मापाड्या म्हणाला आणि किटली उलटी करून शेवटचा थेंब पडेपर्यंत टाकीवर धरून राहिला.